आप्पांचं शहर

डोक्याला मार लागलेल्या आप्पांनी अखेर डोळे उघडले.

"आजोबा, आपण कोणत्या शहरात आहोत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बेळगावात."

डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. उशाशी उभी लेक घाबरून पुढे वाकली. माडीवरून पडलेल्या आप्पांना सरकारी रुग्णवाहिकेनं बेशुद्धच कोल्हापूरला आणलं होतं. स्मृती गेली की काय?

"आप्पा, हे कोल्हापूर. आपला जिल्हा," तिनं भीतभीत सांगितलं.

"आपल्या चंदगडची माणसं दवाखान्याला जवळच्या बेळगावाला जातात!" आप्पा भडकले. "एवढ्या परमुलखात कशाला आणलंस, बाये? आता परतताना पोरांना खायला बेळगावचा कुंदा कुठनं न्यायचा?"

लेकीला हसू आलं आणि मग रडूच फुटलं.

"डॉक्टर," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "काही बिघडलं नाही. आमचे आप्पा जसेच्या तसे आहेत."