राहिलेलं ताट

शंभूराजनं ताटातच हात धुतला, चूळही ताटातच टाकली आणि तो उठला.

"आवर आता," तो बायकोला म्हणाला. "गाडी उन्हात हाय."

राजनंदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आठ दिवसांपूर्वी कालवणात मीठ जास्त झालं म्हणून त्यानं भिरकावलेलं ताट तिच्या कपाळाला लागलं होतं. ती माहेरी गेली नव्हती. भिगवणहून थेट कऱ्हाटीला, त्याच्या थोरल्या बहिणीकडं, योगिनीकडं आली होती.

"ताट उचल," योगिनी म्हणाली.

राजनंदिनी वाकली.

"तुला न्हाय. त्याला म्हणतीय."

शंभूराज हसला. "आक्का, चेष्टा बास."

"नळापाशी सकाळपासूनची भांडी पडल्यात. समदी घास. मग तिला न्यायचं बोलू."

त्यानं बायकोकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. भिगवणात जो तो विचारत होता, वहिनी कुठं गेल्या. त्यानं दोन बोटांनी ताट उचललं आणि अंगापासून लांब धरून अंगणात नेलं. शेजारच्या ओट्यावर लसूण सोलणाऱ्या ठमाबाईचा हात थांबला.

योगिनी पायरीवर बसून बघत राहिली. लोणी भापकर गावात, माहेरच्या घरी, ती दहाची होती, हा आठचा. रोज त्याच्या चुळीच्या पाण्यात तिचा हात जायचा. त्यानं चघळलेली हाडं तिनं बोटांनी काढायची. राखेनं बोटांच्या चिरा झोंबायच्या. भांडी झाली की हा यायचा, तव्याच्या बुडावर बोट फिरवायचा, काळं तिच्या गालाला पुसायचा आणि तवा परत ढिगात टाकायचा. वडील हसायचे. स्कॉलरशिपच्या पेपरादिवशी त्यानं तवा तीनदा परत टाकला. एसटी निघून गेली.

"झालं," शंभूराज म्हणाला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

योगिनीनं तव्याच्या बुडावर बोट फिरवलं. बोट बघितलं. तवा त्याच्यापुढं ठेवला.

"परत."

त्यानं तव्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"तू अजून ते धरून बसलीस व्हय?"

"व्हय."

त्यानं तवा पुन्हा घासला. तिनं पुन्हा खाली ठेवला. तिसऱ्यांदा घासताना त्याच्या बोटाला तारेची घासणी लागली, तेव्हा त्यानं बोट तोंडात घातलं आणि बहिणीकडं बघितलं नाही. असं काही केल्यावर आपल्यालाच वाईट वाटेल, असं योगिनीला वाटलं होतं. वाटलं नाही. चांगलं वाटलं.

"आता तरी पाठव तिला," तो म्हणाला.

"ती जेवली न्हाय अजून. तिचं ताट राहिलंय."

योगिनीनं वाढून आणलं. राजनंदिनी दाराच्या उंबऱ्याशी बसली, नळावरून दिसेल अशी. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण नवऱ्यानं तिला जेवताना कधी बघितलं नव्हतं. ती बारीक घास करत होती, सावकाश चावत होती. तो नळापाशी उकिडवा बसून होता.

"उरक की," अखेर तो म्हणाला. आवाज चढला नव्हता.

राजनंदिनीनं मान वर केली नाही. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं तिनं ताटातलं कालवण पुसून खाल्लं.

"वन्सं," ती आत बघून म्हणाली, "अजून एक भाकरी टाका."