काकू, जरा बाहेर थांबा

सकाळपासून माझं डोकं फिरलं होतं. इमर्जन्सीच्या शिकाऊ डॉक्टरांची परीक्षा होती. पलंगावर पेशंट म्हणून रबरी पुतळा. काचेमागच्या खोलीत मी एकटा. माइकवरून पुतळ्याच्या वतीने कण्हायचं आणि मार्क द्यायचे. त्यांच्या बाजूने ती काच म्हणजे नुसता आरसा.

पहिलाच मुलगा आत आला आणि पुतळ्याला हात लावायच्या आधी कोपऱ्याकडे वळून म्हणाला, "काकू, तुम्ही जरा बाहेर थांबा."

या केसमध्ये नातेवाईक नव्हतेच. मी मार्क कापले.

दुसरीनेही तेच केलं. तिसऱ्यानेही. एकमेकांशी बोलता येऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांना वेगवेगळं बसवलं होतं. यांना हे कुणी पढवलं, देव जाणे. मधे मी स्वतः जाऊन कोपरा बघून आलो. सलाइनचा रिकामा स्टँड, बस्स.

चौथ्याच्या वेळी मी माइकवर खेकसलोच. "खोलीत कुणी नाही. पेशंटकडे बघा."

तो ओशाळला. मग कोपऱ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ऐकलंत ना काकू? सर चिडलेत. जा बरं बाहेर."

पाचवी मुलगी आली ती थेट पुतळ्याकडे. कोपऱ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिला पूर्ण मार्क दिले.

जाताना ती आरशासमोर थांबली. माझ्या खांद्याच्या जरा वर बघत म्हणाली, "सर, काकूंना खुर्ची तरी द्या. कधीच्या उभ्या आहेत तुमच्या मागे."