तिसरा हात
"हात माझा कापायचा आणि हातमोजा घालून बोळाही मीच दाबायचा?" टेबलावर पडल्यापडल्या ताई कुरकुरली. "तुझी नर्स कुठे उलथली?" "काढलं तिला. एकटीचं भागतं माझं," धाकटी डॉक्टरबहीण म्हणाली. ताईच्या बधिर दंडातली गाठ काढून झाली होती. जखमेच्या कडेतून दोरा ओवून धाकटीने त्याच्या टोकाला जड चिमटा लोंबता सोडला. त्याच्या वजनाने जखम उघडी राहिली. "बघ, तिसरा हात! रजा नाही, चुगल्या नाहीत." ताई हसली. धाकटीने सुई टोचली, तसा चिमटा टेबलाच्या पायावर किणकिणू लागला. हल्ली घरी तिच्या हातातली कपबशी अशीच वाजायची आणि सगळे खिडकीबाहेर बघायचे. ताईनेही छताकडे पाहिलं. किणकिण थांबेना. शेवटी बोळा सोडून तिने धाकटीचं मनगट धरलं. "छोटे, हात थरथरतो तुझा. एवढी जखम शिव, मी धरते. पण ही शेवटची."