रास्त भाव

सोलच्या दोंगम्यो बाजारात भंगारवाल्या प्योने एक जुनं चावीचं मनगटी घड्याळ माझ्यापुढे केलं.

“एकट्या म्हाताऱ्याचं होतं. तो गेल्या हिवाळ्यात वारला, तेव्हापासून डब्यात पडून आहे, मी चावीसुद्धा दिलेली नाही. तीस हजार वॉन द्या.”

“याचा खरा भाव जास्त आहे रे. पन्नास घे.”

प्यो हसला. “उलटी घासाघीस करणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहतोय, आजोबा! घरी बरीच घड्याळं असतील?”

“भिंतभर,” मी संकोचत म्हणालो.

“आणि माणसं?”

“मी एकटाच.”

“मग पत्ता देऊन ठेवा. चांगलं काही मिळालं तर घरीच घेऊन येतो.”

मी दिला.

बसमध्ये घड्याळ कानाला लावलं. ते चालू होतं. असं घड्याळ चावी दिल्यावर जेमतेम दीड दिवस चालतं. म्हणजे काल सकाळी त्या म्हाताऱ्याने त्याला चावी दिली होती.