सांभाळणारा हवा

सर्वांना फुकट वापरता येतील अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ओपन सोर्स संस्थेचं बिनपगारी काम तिच्या अगदी गळ्याशी आलं होतं. प्रत्येक प्रकल्पाला ज्याने त्याने मनाला येतील ते टॅग लावलेले. शोधून काही सापडत नसे आणि जो तो तिलाच विचारी.

"टॅग एकसारखे करून दिले की मी सुटले," ती नवऱ्याला म्हणाली.

सगळ्या सुट्ट्या त्यात घालून तिने टॅग एकसारखे केले, बेवारस प्रकल्पांना 'सांभाळणारा हवा' असा टॅग लावला आणि स्वतः सांभाळत असलेल्या दोन प्रकल्पांनाही हळूच तोच लावून टाकला.

दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या प्रमुखांचा फोन आला. "ताई, कमाल केलीत! सगळे बेवारस प्रकल्प एका क्लिकवर सापडले."

"मग सांभाळायला कोणी पुढे आलं?" तिने आशेने विचारलं.

 

"सगळ्यांनी एकमताने तुमचंच नाव पुढे केलंय."