नानांचा घरघरणारा एसी

एसीवाल्याने पहिला स्क्रू सैल केला, तशी नानांनी आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि नेमकी खिडकीतल्या एसीखाली मांडली. मग ते तिच्यात हाताची घडी घालून बसले. एसीवाला शिडीवर, नवा एसी खोक्यात आणि सासरा मधोमध. मेघनाला हसावं की रडावं कळेना.

नाना म्हणजे लवू परब. वय बहात्तर. गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर, त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा बिऱ्हाड लालबागमध्येच आठव्या मजल्यावर आलं. एक खोली आणि स्वयंपाकघर. विजेच्या बाबतीत माणूस महाकंजूष. बाथरूमचा दिवा चालू राहिला तरी घर डोक्यावर घ्यायचे. आणि तेच नाना आता चौदा वर्षांच्या जुनाट, वीज खाणाऱ्या डब्यापायी उपोषणाला बसल्यासारखे बसले होते.

“बिल मी भरतंय. तो ऱ्हवांदे,” एवढंच ते म्हणाले.

गिरणी कामगाराची पेन्शन किती, हे लालबागमध्ये कुणाला सांगायला नको. मेचं बिल बघून सुशांतने, म्हणजे त्यांच्या मुलाने, कपाळाला हात लावला होता. एसी गारवा द्यायचा चिमूटभर, आणि आवाज पिठाच्या गिरणीएवढा. शेवटी मेघना नानांच्या समोर उभी राहिली आणि अक्षदाच्या पाठीवर घामोळं आलंय, पोर रात्रभर खाजवते, असं तिने मोठ्याने सांगितलं. नातीचं नाव निघाल्यावर नाना उठले. जाताना त्यांनी जुन्या एसीवर हात ठेवला, अगदी थोडा वेळ.

मेघनाला एखादी गोष्ट कळली नाही की घास गोड लागत नसे. ह्या डब्यात नानांचं काय अडकलंय? सुशांतच्या पहिल्या पगारातून घेतला होता म्हणून? तर नाही, तो नानांनीच सेकंडहँड आणला होता. मागे कबुतराचं घरटं असेल, असं अक्षदाला वाटलं. तेही नव्हतं, नुसती धूळ निघाली.

नवा एसी गुणी निघाला. चालू आहे की बंद, ते वर लागलेल्या हिरव्या दिव्यावरून कळायचं. बिल जवळजवळ निम्म्यावर आलं. सुशांतने ते ऑफिसातल्या चौघांना दाखवलं. मुख्य म्हणजे घर शांत झालं. पूर्वी संध्याकाळी त्या खोलीत सगळे एकमेकांकडे तोंड करून ओरडूनच बोलत. एकदा तर शेजारच्या राधाबाई भांडण सोडवायला धावत आल्या होत्या. प्रत्यक्षात गणपतीला गावी कधी निघायचं, एवढंच चाललं होतं.

ती संध्याकाळची बैठक म्हणजे नानांचा जीव की प्राण. गावच्या जमिनीचा वाद असो, क्रिकेट असो, अक्षदाची शाळा असो, शेवटचा शब्द त्यांचा. पण नवा एसी आला आणि नाना गप्प झाले. खुर्ची तीच, वेळ तीच, नाना मात्र नुसते बसलेले. कुणी हसलं की थोड्या वेळाने हसायचे. मग तेही सोडून खाली गेटपाशी जाऊन बसू लागले. सुशांत म्हणाला, रुसलेत, येतील भानावर. मेघनाला ते पटलं नाही. जुन्या डब्यासाठी महिनाभर कुणी रुसतं का? त्यांचं ते एकटं बसणं बघून तिला आत कुठेतरी खुपत होतं.

रविवारी दुपारी ती मिक्सरवर वाटप काढत होती. खोबरं भाजलेलं, भांडं गच्च भरलेलं, मिक्सर नुसता बोंबलत होता. सुशांत बाहेर सोफ्यावर आडवा पडलेला, नाना कोपऱ्यात आपल्या खुर्चीत. बटणावर बोट ठेवूनच ती दाराकडे वळली आणि ओरडून म्हणाली की, गावच्या घराची कौलं ह्या वर्षी काढून पत्रे घालूया.

“पत्रे नको,” नाना कोपऱ्यातून कडाडले. “उन्हान घर तापता. कौलांच बरी.”

महिन्याभरात त्यांनी पहिल्यांदाच कुणाचा मुद्दा खोडला होता. मेघनाला इतका आनंद झाला की ती मिक्सर बंद करून, भांडं उघडत, नेहमीच्या आवाजात म्हणाली की मग कौलं शाकारायला माणूस तुम्हीच बघा. तिने मागे वळून पाहिलं. नाना तिच्याकडे बघत होते, शाळेत प्रश्न न कळलेल्या मुलासारखे. तिने पुन्हा तेच म्हटलं, तसंच हळू. त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही, ते कळू नये अशी.

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. ती बाहेर आली, त्यांच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसली आणि त्यांना आपले ओठ दिसतील अशी मान वर करून मोठ्याने बोलली.

“नाना, कधीपासून?”

नाना स्वतःचा कान चिमटीत धरून, चोरी पकडली गेल्यासारखे, ओशाळं हसले.

“गिरणीतल्या साच्यांनी कधीच खाल्ले ते,” ते म्हणाले. “पण तो एसी होतो तवसर घरात सगळेच बहिरे होते गो. आता मी एकटोच ऱ्हवलंय.”