कितवा महिना

माईंनी दुधाचा पेला सुनेच्या हातात दिला आणि समोरच बसून राहिल्या.

"पी. सगळं संपव."

मंदाकिनीने पेला दोन्ही हातांनी धरला, कारण एका हातात तो हिंदकळायचा. दुधात साखर होती. रेशनच्या साखरेचा डबा हल्ली फक्त तिच्यासाठी उघडत होता. छातीत सकाळपासून धडधड चालली होती आणि ती माईंना ऐकू जाईल की काय, अशी तिला भीती वाटत होती.

"डॉक्टरीणबाई आत्ताच्या गाडीने कल्याणहून येताहेत," माई म्हणाल्या. "काय होतं, काय नाही, सगळं सांग त्यांना. लाजायचं नाही."

तीन महिने मंदाकिनी बाजूला बसली नव्हती. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात अशी बातमी कोणाला सांगावी लागत नाही. मागच्या पडवीतली घोंगडी खुंटीवरून उतरली नाही, चुलीपाशी माईंना एकटीने बसावं लागलं नाही, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं आणि आळीत सांगूनही टाकलं. सून वाळत चालली होती, केस ओंजळीने गळत होते, तिला घास जात नव्हता. या सगळ्याला माईंकडे एकच गोड कारण होतं आणि दुसरं शोधायची त्यांना गरज वाटली नाही.

दुसरं कारण मंदाकिनीच्या ट्रंकेत, पातळांच्या घडीत होतं. गोळ्यांची तपकिरी बाटली. ऑफिसच्या चहापार्टीत अंगाने भरलेल्या मंदाकिनीकडे बघून कोणीतरी तिच्या नवऱ्याला, प्रभाकरला विचारलं होतं, "या तुमच्या वहिनी का?" त्याच आठवड्यात तो फोर्टमधल्या औषधवाल्याकडून बाटली घेऊन आला. साहेबांच्या मडमा बारीक राहायला हेच घेतात, असं त्याला तिथे सांगितलं होतं. मडमांना काय होतं, ते त्याने विचारलं नव्हतं.

माई लोणचं काढायला पडवीत गेल्या, तसा प्रभाकर बाहेरच्या खोलीतून वर्तमानपत्रासकट आत आला.

"गोळ्यांचं बोलू नकोस हं त्यांच्यापाशी."

"नाडी बघतील त्या. त्यांना कळेलच."

"अशक्तपणा म्हणतील. म्हणू दे."

"अहो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. पाण्याची कळशी उचलली तरी जीव घाबरा होतो. मी मरेन एखाद्या दिवशी."

"कोणी मरत नाही. नाताळच्या पार्टीपर्यंत घे, मग सोड." त्याने आवाज आणखी खाली आणला. "आणि माईचं म्हणशील तर आठवड्याभरानं सांगून टाकू, पडलं म्हणून. होतं बायकांचं असं."

"माझं पडलं म्हणून?"

"मग कोणाचं?"

"काय पडलं?" माईंनी विचारलं. त्या लोणच्याची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या.

मंदाकिनी उठली. तिने ट्रंक उघडली, बाटली काढली आणि माईंच्या पायाशी ठेवली.

"मला दिवस गेलेले नाहीत, माई. बारीक होण्याच्या गोळ्या आहेत या. ह्यांनी आणल्या. त्या गोळ्यांनीच सगळं थांबलंय."

माई वाटी ठेवून खाली बसल्या. त्यांना रडू आलं नाही. राग आला, आणि तो आधी सुनेचाच आला.

"आणि तू मला आळीभर मिरवू दिलंस?"

"सांगायला आले होते एकदा. तुम्ही देवापुढे साखर ठेवत होता."



"माई, औषधच आहे ते, विष नव्हे," प्रभाकर म्हणाला. "आता बोभाटा कशाला? पडलं म्हणून सांगितलं की लोक चार दिवस हळहळतात आणि विसरून जातात."

"विसरत नाहीत," माई म्हणाल्या. "तुझ्याआधीची माझी दोन गेली. खरीच गेली. तुझी आजी मरेपर्यंत चारचौघींत सांगायची, हिच्या पोटात काही टिकत नाही. तू मांडीवर असतानासुद्धा सांगायची."

बाहेर चपलांचा आवाज झाला. डॉक्टरीणबाई घाम पुसत आत आल्या, बॅग ठेवली आणि मंदाकिनीजवळ चटईवर टेकल्या.

"हं, कितवा महिना म्हणायचा?"

प्रभाकर जवळच्या पाटावर बसला आणि आईकडे बघू लागला. लहानपणी काही फोडलं की तो असाच बघायचा, आणि माई तेव्हा दर वेळी त्याला पाठीशी घालायच्या. मंदाकिनीने मान वर केली नाही. तिला एवढंच कळत होतं, की आता माई जे बोलतील तेच आयुष्यभर आपल्या नावावर राहणार.

माईंनी बाटली उचलली.

"महिना नाही," त्या म्हणाल्या. "ह्या गोळ्या चालू आहेत."

डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडाकडे धरून वाचली. त्यांनी मंदाकिनीचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजली. मंदाकिनीच्या गळ्याला, पापण्यांना हात लावून पाहिला.

"आजपासून ह्या बंद. उद्यावर टाकायचं नाही," त्या म्हणाल्या. "वेळेवर कळलं म्हणायचं. हृदय किती धावतंय हिचं! तीन महिने कोणी एकदा तपासलंसुद्धा नाही?"

"नाही," मंदाकिनी म्हणाली.

"कोणत्या डॉक्टरांनी दिल्या? मला त्यांच्याशी बोललं पाहिजे."

प्रभाकरने वर्तमानपत्र उघडलं.

"समोरच बसलेत," माई म्हणाल्या. "बोला."